वहिनींचा उजवा हात

शरीराच्या सर्व अवयवांत हाताइतका गृहीत धरलेला अवयव दुसरा नसेल. डोळे अधू झाले तर आपण चष्मा घेतों, दाढ दुखूं लागली तर घर डोक्यावर घेतों. हात मात्र घरांतल्या एखाद्या अबोल, वयस्क माणसासारखा असतो. त्यानें मुकाट्यानें काम करीत राहावें, एवढेंच आपण धरून चालतों. त्यांतून तो हात एकत्र कुटुंबांतील वडील गृहिणीचा असेल, तर त्याची विचारपूस करण्याची कल्पनाही कोणाच्या मनांत येत नाहीं. सकाळच्या पोळ्या, दुपारचें निवडणें-टिपणें, संध्याकाळचा देवापुढचा दिवा, उन्हाळ्यांतलीं लोणचीं-पापड आणि सणावाराचें पुरण हें सर्व एका ठरीव हातानें होत असतें, आणि तो हात कोणाचा हें मुलांना केवळ चवीवरून ठाऊक असतें.

माझ्या वहिनींचा उजवा हात असा तीस-बत्तीस वर्षें चालला आणि मग कुरकुर करूं लागला. त्या कुरकुरीचा अर्थ लावण्यांत आमच्या घराचें जवळजवळ दीड वर्ष गेलें. हा वृत्तांत त्यांच्या अनुमतीनेंच लिहीत आहें. हा विकार असलेल्या स्त्रिया वाचकांच्याही घरीं असतील, आणि त्यांतल्या पुष्कळजणींनीं अद्याप कोणापाशीं ब्रही काढला नसेल, असा माझा तर्क आहे.

आमचें घर वाशीमचें. १९९८ च्या जुलैंत वाशीम अकोल्यापासून निराळें होऊन जिल्ह्याचें गांव झालें, तरी वाड्याची ओसरी, माजघर आणि मागील दारचा आड हीं अजून पूर्वीचींच आहेत. दादा व वहिनी, मी व माझें कुटुंब, दादांचा मुलगा आणि बँकेंत नोकरी करणारी त्यांची सून, दोन नातवंडें, असे आम्ही आठजण एका चुलीवर जेवतों. चूल म्हणावयाची संवय. वास्तविक ती गॅसची शेगडी आहे. वहिनी या घरांत आल्या तेव्हां मी महाविद्यालयांत होतों. आईच्या मागें माझा डबा त्यांनींच भरला, आणि पुढें माझ्या लग्नांतले रुखवताचे लाडूही त्यांनींच वळले.

पहिली खूण मला रात्रीं दिसली. मला पहांटेपूर्वीं एकदां पाणी पिण्यासाठीं उठण्याची संवय आहे. दोन-अडीचच्या सुमारास माजघरांतून जातांना वहिनी ओसरीवर बसलेल्या दिसल्या. उजवा हात खालीं सोडून, ओला हात झटकावा तसा तो त्या झटकीत होत्या.

"वहिनी, बरें वाटत नाहीं काय?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं, भावजी. हात अंगाखालीं आला, मुंग्या आल्या. निजा तुम्ही."

पुढें आठवड्यांतून तीन-चार रात्रीं असेंच दृश्य दिसूं लागलें. मीं विचारलें कीं उत्तर ठरलेलें : हात अंगाखालीं आला.

दुसरी खूण वातींची. आमच्याकडे चातुर्मासांत वहिनी घरच्या कापसाच्या वाती वळतात. सरकी काढून पिंजलेल्या कापसाची एक चिमूट घेऊन अंगठा आणि पहिलीं दोन बोटें यांच्यामध्यें ती अशी कांहीं फिरवावयाची कीं, एक वात दुसरीहून सुतभरही जाड होऊं नये. त्यांच्या वाती शेजारीपाजारीं मागून नेत. त्या वर्षीं त्या वेड्यावांकड्या होऊं लागल्या. मग त्यांनीं वातींची परडी माझ्या कुटुंबाकडे सरकविली आणि "आतां तूं शीक," एवढेंच म्हटलें. आम्हीं तें वडीलकीचें लक्षण समजलों.

तिसरी खूण तव्याची. एके दिवशीं तव्याच्या कडेला तर्जनी टेंकून फोड आला, आणि फोड आला आहे हें वहिनींना सुनेनें सांगितल्यावर कळलें! त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरांतून हळूहळू पाय मागें घेऊं लागल्या. कणीक तिंबावयाची नाहीं, ताट वाढावयाचें नाहीं, धाकट्या नातवाला भरवावयाचें नाहीं. पाण्याचा तांब्या स्वतःसाठीं निराळा ठेवला. एकत्र घरांत अशा गोष्टींना ताबडतोब अर्थ चिकटतात. सुनेला वाटलें, आपल्या नोकरीवर हा रुसवा आहे. दादांना वाटलें, कोणी कांहीं बोललें असावें. माझ्या कुटुंबाला वाटलें, वातींच्या परडीचा राग असावा. दोन महिने घरांत सर्वजण एकमेकांशीं अतिशय नम्रतेनें बोलत होते. आणि ज्या घरांत माणसें एकाएकीं नम्र होतात, तें घर बरें नसतें.

मध्यंतरीं एका दवाखान्यांत दाखविणें झालें होतें. हातास मुंग्या म्हणजे मानेचा मणका, असें तेथें तत्काळ ठरलें. मानेचें छायाचित्र निघालें, आणि साठीकडे झुकलेल्या माणसाच्या मणक्यांत जी झीज बहुधा दिसतेच, ती त्यांत दिसलीही. मानेस पट्टा आला, जीवनसत्त्वांचीं इंजेक्शनें आलीं. पांच महिने पट्टा बांधून वहिनी ओसरीवर हात झटकीत बसत. हात कोणीं हातांत घेऊन पाहिला नाहीं, ही गोष्ट मला आजही आश्चर्याची वाटते.

खरें कारण शेवटीं वहिनींनीं माझ्या कुटुंबाला सांगितलें, तेंही दिवेलागणीला, देवघराच्या उंबऱ्यावर बसून. त्यांच्या माहेरच्या नात्यांत एक आत्या होती. तिच्या हातास असाच बधिरपणा आला, चटका बसला तरी कळेनासें झालें, बोटें वांकडीं झालीं. मग तिला परसांतल्या खोलींत ठेवीत, आणि पंक्तीला तिचें नांवही कोणी घेत नसे. तिला महारोग झाला होता. आपल्यालाही तेंच झालें आहे, अशी वहिनींची खात्री होऊन बसली होती. तांब्या निराळा ठेवला तो रुसून नव्हे, नातवाच्या भीतीनें.

ही हकीकत ऐकल्यावर आम्हीं दुसऱ्याच दिवशीं अकोल्यास जाण्याचें ठरविलें. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. राजशेखरानें काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरींत. विद्येचें माहेर असें कीर्तिमान, पण मज्जातंतूंची परीक्षा करण्यास मालेगांव-पातूरचा घाट ओलांडणेंच आम्हांला सोयीचें पडलें. अकोल्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालीं निघालें. वाशीमचें त्यानंतर बावीस वर्षांनीं, २०२४ सालीं. असो.

अकोल्याच्या डॉक्टरांनीं छायाचित्रांची पिशवी बाजूस ठेविली आणि एकच प्रश्न विचारला : "करंगळीलाही मुंग्या येतात काय?"

वहिनी विचार करूं लागल्या. इतक्या महिन्यांत कोणीं बोटें वेगवेगळीं मोजलीं नव्हतीं. मग त्या म्हणाल्या, "नाहीं. करंगळी शहाणी आहे."

"आणि अनामिकेला?"

"अर्धीला. मधल्या बोटाकडची बाजू."

डॉक्टर हंसले. रोगाचें निदान बहुतेक झालेलेंच होतें.

तें कसें, हें समजण्यास मनगटाची रचना थोडी पाहावी लागेल. आणि शास्त्राचा शिक्षक असल्यामुळें मला हा मोह आवरतही नाहीं. मनगटांत आठ लहान हाडें आहेत. तीं सपाट मांडलेलीं नसून कमानीसारखीं बसविलेलीं असतात, त्यामुळें तळहाताच्या बाजूस एक खोलगट पन्हळ तयार होते. या पन्हळीच्या दोन कडांवरून एक जाड, चिवट बंधनपट्टा आडवा ताणलेला असतो. खालीं हाडांची कमान, वर पट्टा, आणि मध्यें जो अरुंद बोगदा राहिला, तो मणिबंधाचा बोगदा. इंग्रजी वैद्यकांत त्यालाच कार्पल टनेल म्हणतात. या बोगद्यांतून बोटें आणि अंगठा मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्या दाटींतून एक मज्जातंतु जातो. त्याचें नांव मध्य-मज्जातंतु. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान देणें, आणि अंगठ्याच्या मुळाशीं जो मांसल उंचवटा आहे त्यांतील स्नायूंना चालना देणें, हें त्याचें काम. करंगळीचा कारभार दुसऱ्या तंतूकडे असतो, आणि तो या बोगद्यांतून जात नाहीं. म्हणून करंगळी शहाणी!

आतां बोगद्याच्या भिंती कांहीं ताणत नाहींत. आंत कंडरांवरचें आवरण सुजलें, अंगांत पाणी सांठलें, किंवा हाडाची ठेवण बिघडली, कीं दाब वाढतो. आणि त्या दाटींत सर्वांत मऊ जो मज्जातंतु, तोच प्रथम चेपला जातो. रात्रींच कां? तर झोपेंत आपण मनगट नकळत दुमडून घेतों. मनगट दुमडलें कीं बोगद्यांतील दाब वाढतो. तंतूचा रक्तपुरवठा मंदावतो, आणि माणूस मुंग्यांनीं व कळांनीं जागा होतो. हात झटकला, खालीं सोडला, कीं उतार पडतो. वहिनींची ती झटकण्याची क्रिया म्हणजे रोगानें स्वतःच केलेली सही होती.

या विकाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८५४ सालीं सर जेम्स पॅजेट या इंग्रज शस्त्रवैद्यानें एका रोग्याचें वर्णन केलें. त्याचें मनगटाजवळचें हाड मोडून वेडेंवांकडें जुळलें होतें, तंतु दाबला गेला होता, आणि अंगठा व पहिलीं दोन बोटें यांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा झाल्या होत्या. मनगट सैल राहील अशा बेतानें बांधून ठेवलें कीं जखमा भरत. हात कामास लावला कीं पुन्हां उघडत. १८८० सालीं बोस्टनच्या जेम्स पटनम यांनीं अशाच सदतीस रोग्यांची हकीकत लिहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया, आणि बहुतेकींची तक्रार रात्रींची. पॅरिसच्या मारी व फ्वा या दोघांनीं १९१३ सालीं एका वृद्ध रोग्याचें मनगट मृत्यूनंतर उघडून पाहिलें. पट्ट्याच्या अलीकडे तंतु गांठीसारखा फुगलेला आणि पट्ट्याखालीं चिपटलेला त्यांना आढळला, आणि वेळींच पट्टा कापला असता तर हात वांचला असता, असें त्यांनीं सुचविलें. सूचना स्वच्छ होती. पण ती बाजूस पडली, आणि पुढें कित्येक वर्षें मानेजवळच्या एका जास्तीच्या बरगडीवर या मुंग्यांचा आळ घालून रोग्यांच्या माना कापल्या गेल्या. पट्टा सोडविण्याची शस्त्रक्रिया लर्मंथ यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९५० नंतर अमेरिकेंतील जॉर्ज फॅलन यांच्या लेखांमुळें हा रोग सर्वसामान्य डॉक्टरांस माहीत झाला. म्हणजे आमच्या वहिनींची मान जी पांच महिने पट्ट्यांत अडकली, तिला निदान अर्धशतकाची परंपरा होती म्हणावयाची.

आपल्या सुश्रुतानेंही मणिबंधास मर्म म्हटलें असून त्यास इजा झाली असतां हात अधू होतो असें सांगितलें आहे. वातामुळें बाहु व बोटें निकामी होण्याच्या विकारास त्यानें विश्वाची हें नांव दिलें आहे. विश्वाची म्हणजे हाच रोग, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. आपल्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें असें सिद्ध करण्याची जी हौस आहे, तिनें रोग्याला रात्रीं झोप लागत नाहीं.

डॉक्टरांनीं दोन साध्या परीक्षा केल्या. एकींत मनगटाच्या मध्यावर बोटानें हलकेंच ठोकलें. वहिनींच्या मधल्या बोटापर्यंत झिणझिणी गेली. दुसरी फॅलन यांच्या नांवाची. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस लावून, बोटें जमिनीकडे करून, उलटा नमस्कार करावयाचा आणि एक मिनिटपर्यंत तसेंच राहावयाचें. अर्ध्या मिनिटांतच वहिनींचीं बोटें बधिर झालीं. नंतर यंत्राची परीक्षा. मज्जातंतूस विजेचे बारीक धक्के देऊन संदेश मनगटाखालून जाण्यास किती वेळ लागतो हें त्यांत मोजतात. उजव्या हातीं संदेश बराच रखडत होता, डाव्या हातीं थोडा. मान निर्दोष सुटली.

मग माझ्या कुटुंबानें महारोगाची गोष्ट काढली, कारण वहिनी ती काढणार नव्हत्या. डॉक्टरांनीं ती थट्टेवारी नेली नाहीं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. ते म्हणाले, शंका अगदींच वेडी नाहीं. विदर्भांत हातास बधिरपणा आलेल्या रोग्याकडे पाहतांना डॉक्टरानें तीही मनांत ठेवावीच लागते. परंतु महारोगांत बहुधा कोपराजवळचा दुसरा तंतु धरतो, बधिरपणा करंगळी व अनामिकेकडून येतो, तंतु जाड होऊन हातास लागतो, आणि अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारे चट्टे असतात. वहिनींना यांतलें कांहीं नव्हतें. "आणि बाई, असतें तरी काय झालें असतें?" ते म्हणाले. "सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यांत फुकट. औषध सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्यास लागण्याजोगाही राहत नाहीं. परसांतली खोली कोणालाच नको." अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचें तपोवन आणि वरोऱ्यास बाबा आमट्यांचें आनंदवन ज्या प्रांतांत उभें राहिलें, त्या प्रांतांतील एका शिकल्यासवरल्या घरांत एक बाई दोन महिने निराळ्या तांब्यानें पाणी पीत होती. परततांना मोटारींत वहिनी पातूरपर्यंत कांहीं बोलल्या नाहींत. घाट चढूं लागल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आत्याला कोणीं दाखविलेंच नव्हतें." आम्ही कोणीच त्यावर बोललों नाहीं.

हा विकार कोणाला होतो? पुरुषांपेक्षां स्त्रियांना तो तिपटीच्या आसपास अधिक, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर विशेष. कंठग्रंथीचें काम मंदावलें, मधुमेह असला, सांधेवात असला, वजन वाढलें, तर संभव वाढतो. गर्भारपणीं अंगांत पाणी सांठून तो होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो. तेव्हां घरांतील गर्भिणी रात्रीं हात झटकीत बसली तर घाबरूं नये, पण तपासून मात्र घ्यावें. हाताच्या कामांपैकीं मनगट वांकवून, जोर लावून, पुन्हां पुन्हां आवळण्याचीं कामें आणि थरथरणारीं यंत्रें हीं अधिक दोषी. संगणकावर टंकलेखन करणाऱ्यांवर जितका आळ येतो तितका पुरावा त्यांच्याविरुद्ध नाहीं. पुष्कळदां कारण एक नसतें, आणि कांहींवेळां मुळीं सांपडतच नाहीं. वहिनींच्या रक्ततपासणींत कंठग्रंथीची मंदता निघाली. वाढतें वजन, थकवा, थंडी सोसेनाशी होणें, हें सर्व आम्हीं वयाच्या खात्यावर मांडून मोकळे झालों होतों. त्यासाठीं सकाळीं अनशापोटीं घ्यावयाची गोळी सुरू झाली.

शाकाहारी घरांसाठीं एक गोष्ट येथें सांगून ठेवतों. ब-बारा जीवनसत्त्वाच्या अभावानेंही हातापायांस मुंग्या येतात, आणि आपल्यांत हा अभाव विरळा नाहीं. पण त्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, आणि रक्त तपासून त्यांचा निकाल लागतो. मणिबंधाच्या दाबावर तें इंजेक्शन देणें म्हणजे दार अडकलें असतां छपराला रंग देण्यासारखें आहे. उलट हात एकाएकीं लुळा पडला, तोंड वांकडें झालें किंवा वाचा अडखळली, तर तो प्रकार सर्वस्वीं निराळा. तेथें एक क्षणही न दवडतां इस्पितळ गांठावें.

उपचारांची पहिली पायरी फार साधी आहे, आणि साधी म्हणूनच ती कोणी नीट पाळीत नाहीं. रात्रीं निजतांना मनगटास अशी पट्टी बांधावयाची कीं मनगट सरळ राहील. ना पुढें दुमडलेलें, ना मागें वांकलेलें. बाजारांत मिळणाऱ्या पट्ट्यांतील धातूची चीप पुष्कळदां मनगटास मागें वांकविते. ती काढून, सरळ करून पुन्हां घालावी. बोटें मोकळीं राहावींत. असें निदान सहा आठवडे. रोग कोंवळा असेल तर पुष्कळांना यानेंच गुण येतो. दुसरी पायरी मनगटांत सूज उतरविणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनाची. त्यानें कित्येक आठवडे, कधीं महिने आराम पडतो, परंतु तक्रार पुष्कळदां परत येते. मधुमेही माणसाची साखरही त्यानें कांहीं दिवस वाढते. दुखणें कमी करणाऱ्या नेहमींच्या गोळ्यांचा यांत फारसा उपयोग नाहीं. तेल चोळण्यास कोणाची ना नाहीं. त्यानें हातास ऊब मिळते आणि चोळणाऱ्याचें प्रेम कळतें, बोगदा मात्र रुंद होत नाहीं.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची. वहिनींच्या उजव्या हातास तीच सांगण्यांत आली, कारण अंगठ्याच्या मुळाशीं असलेला उंचवटा बसूं लागला होता. दोन्ही तळहात शेजारीं शेजारीं धरले तेव्हां आम्हांलाही तो फरक दिसला. स्नायु झिजूं लागला म्हणजे तंतु फार दिवस उपाशी आहे, आणि आतां वाट पाहण्यांत हंशील नाहीं, असा त्याचा अर्थ.

दादा प्रथम तयार नव्हते. उजवा हात, त्यांतून बाईचा; कांहीं कमी-अधिक झालें तर? त्यांची भीति मला समजते. आमच्या पिढीला शस्त्रक्रिया म्हटलें कीं शेवटचाच उपाय वाटतो. वहिनींनीं मात्र त्यांना माजघरांत बोलावून एवढेंच विचारलें, "आतां हा हात काय कामाचा आहे?" त्यावर उत्तर नव्हतें.

शस्त्रक्रिया तेवढी जागा बधिर करून झाली. तळहाताच्या बुडाशीं एक लहानसा छेद, त्यांतून तो आडवा पट्टा मोकळा केला, आणि टांके. एक पाव तास. वहिनी जाग्याच होत्या. त्यांची रामरक्षा दोनदां म्हणून झाली. त्याच संध्याकाळीं आम्ही घरीं आलों. त्या रात्रीं, जखम दुखत असूनही, वहिनी मुंग्यांनीं जाग्या झाल्या नाहींत. मी संवयीनें अडीचला उठलों तों ओसरी रिकामी होती. टांके बारा दिवसांनीं निघाले.

येथें खरें तेंच सांगितलें पाहिजे. रात्रींच्या मुंग्या जितक्या झपाट्यानें गेल्या, तितक्या झपाट्यानें बाकीचें परत आलें नाहीं. तळहाताच्या बुडाशीं, छेदाच्या दोन्ही बाजूंस, टेंकलें कीं दुखणें हें तीन महिने टिकलें. दार ढकलणें किंवा खुर्चीवरून हाताच्या आधारानें उठणें नकोसें होई. पकडींतला जोर सहाव्या महिन्यांत आला. बोटांच्या टोंकांचें स्पर्शज्ञान सावकाश येत गेलें; तर्जनीचें जवळजवळ पूर्ण, मधल्या बोटाचें अजून थोडें उणें आहे. अंगठ्याचा उंचवटा भरला तो अर्धाच. डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें कीं, झिजलेला स्नायु पूर्ण भरून येईलच असें नाहीं. वर्षभर आधीं आलां असतां तर, हें वाक्य त्यांनीं उच्चारलें नाहीं. तेवढी दया डॉक्टरांत असावी.

घरांतला बदल हा निराळ्या लेखाचा विषय होईल. तीन महिने वहिनींनीं कणकेस हात लावावयाचा नाहीं असें ठरल्यावर पहिल्यानेंच आम्हीं हिशेब केला, तों दोन्ही वेळच्या मिळून साठांवर पोळ्या निघाल्या. हा आंकडा आमच्यांतील एकाही पुरुषास ठाऊक नव्हता. सुनेनें कणीक मळण्याचें यंत्र आणलें. दादांनीं प्रथम त्या पोळ्यांना नांवें ठेविलीं, मग निमूटपणें खाल्ल्या. पुतण्या सकाळची भाजी चिरूं लागला. सून आणि वहिनी यांच्यामधली ती भयंकर नम्रता जाऊन पूर्वीची बोलाचाली पुन्हां सुरू झाली, आणि घर बरें झालें.

पण मला राहून राहून आठवते ती आमच्या शेतावर वेचणीस येणारी एक बाई. गेल्या दिवाळीनंतर तिनें वहिनींच्या तळहातावरची रेघ पाहिली आणि विचारलें, "बाईसाहेब, हें काय?" वहिनींनीं सांगितल्यावर ती म्हणाली, तिचेही दोन्ही हात रात्रीं मरतात. कापूस वेचणें म्हणजे काय याचा मीं त्यापूर्वीं कधीं विचार केला नव्हता. प्रत्येक बोंडांतून अंगठा आणि पहिलीं दोन बोटें यांच्या चिमटीनें सरकीसकट कापूस ओढावयाचा, आणि असें दिवसभर, हजारों वेळां. म्हणजे मध्य-मज्जातंतूचींच नेमकीं बोटें. वेचणीच्या आधीं विळ्यानें सोयाबीन सोंगणी. मनगट वांकवून मूठ आवळावयाची. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, १८६१ पासून, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला असें आपण इतिहासांत वाचतों. तो कापूस चिमटीनें वेचणाऱ्या हातांचा इतिहास कोणीं लिहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. वहिनींना तीन महिने विश्रांति देण्यास सात माणसें होतीं. त्या बाईची मजुरी वजनावर; हात थांबला कीं चूल थांबते. "सहा आठवडे रात्रीं पट्टी बांध" एवढें तिला सांगतां येतें, कारण रात्र तरी तिची स्वतःची आहे. वहिनींनीं आपली एक पट्टी चीप सरळ करून तिला दिली, आणि दुसऱ्या हातासाठीं नवी आणविली. वेचणी संपल्यावर तिला तपासणीस पाठवावयाचें आमच्या सुनेनें अंगावर घेतलें, आणि माघांत ती तिला स्वतः घेऊन गेली. तिचा रोग अजून पट्टीच्याच पायरीवर आहे. उंचवटा शाबूत आहे.

वहिनींच्या डाव्या हाताचा निकाल अजून लागावयाचा आहे. कंठग्रंथीच्या गोळीनें आणि रात्रींच्या पट्टीनें तो सध्यां शांत आहे; पावसाळ्यानंतर पुन्हां यंत्रावर तपासावयाचा. वाती त्या पुन्हां वळूं लागल्या आहेत, दिवसाला पूर्वींच्या निम्म्या. होळीच्या पुरणपोळ्या मात्र त्यांनीं लाटल्या नाहींत, नुसत्या पाटावर बसून सूचना दिल्या. पुरणयंत्राचा दांडा दादांनीं फिरविला, आणि दोन वेळां हात बदलला.